तपासले

"कोणाचे उद्योग आहेत हे?"

सुपरवायझरने दोन बोटांच्या चिमटीत एक चिठ्ठी धरली होती, मेलेली पाल धरावी तशी. समोर आठ चेकर बायका उभ्या होत्या. शर्टांच्या कारखान्यातली शेवटची नजर त्यांची. कॉलर, शिवण, बटणं बघायची, सुटे धागे कापायचे, 'तपासले' असा शिक्का मारलेली चिठ्ठी खिशात सरकवायची आणि शर्ट पॅकिंगकडे ढकलायचा.

त्याने चिठ्ठी उलटी करून वाचली. "'आज कोणाला तरी नाही म्हणून बघा.' दुकानदाराने परत पाठवलीय. गिऱ्हाईक विचारतंय, शर्टाबरोबर उपदेश फुकट का?"

कोणीतरी फिसकन हसलं. खिडकीजवळच्या टेबलावरची चेकर हसली नाही. चिठ्ठी तिचीच होती.

"उद्या सकाळी प्रत्येकीने माझ्यासमोर लिहून दाखवायचं," सुपरवायझर म्हणाला. "अक्षर जुळलं, की तिने थेट घरी जायचं. कायमचं."

सोळा वर्षं झाली होती तिला या कामात. सुरुवातीला रस्त्यात कोणाचाही शर्ट दिसला, की ती त्याच्या बटणांची काजं बघायची आणि चांगली शिवलेली असली तर उगाच खूश व्हायची. आता शर्ट दिसला की ती मान फिरवायची. तहान नसताना ती तासात तीनदा पाणी प्यायला उठायची. टेबलाखाली पाय सारखे हलायचे, जसे काही तेच आधी घरी पोहोचणार होते.

"नवऱ्याने घातला का गं शर्ट?" टाचणीबाईने विचारलं. ही पॅकिंगवाली. दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलायची म्हणून तिचं हे नाव. वर्षाला एक शर्ट घरच्यासाठी म्हणून कारखाना प्रत्येकीला भेट द्यायचा. यंदाचा नुकताच मिळाला होता.

"नाही अजून. ठेवणीतला केलाय."

"घाल म्हणावं. मुद्दाम तुझ्याच टेबलावरून आलेल्यांतला काढून दिलाय. दुसरीच्या हातचा असता तर पहिल्या धुण्यात बटण गेलं असतं. आणि तुझं तोंड का असं उतरलंय?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

डोकं दुखत नव्हतं. पण खरं सांगायची तिला सवयच राहिली नव्हती, आणि त्याला कारण घरचा नियम.

तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. नळाला पाणी नाही, आहे तर गढूळ आहे, गढूळ नाही तर बिल चुकलंय. दिवसभर दुनियेची गाऱ्हाणी ऐकून त्याचे कान किटायचे. म्हणून लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दोघांनी ठरवलं, की नोकरीची तक्रार उंबऱ्याच्या आत आणायची नाही. तेव्हापासून "कसा गेला दिवस?" "बरा." "तुझा?" "बरा." बाकी संसार गोडीचा होता. भांडण झालंच तर पंख्याच्या वेगावरून.

मग पोटातलं जाणार कुठे? ते चिठ्ठ्यांच्या मागे उतरलं. चौकोनी, ठसठशीत अक्षरात, दिवसाला पाच-सहा. 'जुन्या मैत्रिणीला फोन करा.' 'डबा सावकाश खा.' ओळखीच्या माणसाला सांगता येत नाही ते अनोळखी खिशाला सांगता येतं. तेवढ्यावर तिची दुपार निभायची.

पंधरा दिवसांपूर्वी मात्र निभेना. तिने डब्याच्या सुट्टीत राजीनामा लिहिला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. परत टेबलावर बसल्यावर, जे तिला स्वतःलाच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, ते तिने एका चिठ्ठीवर लिहिलं आणि पुढ्यातला शर्ट झटकन ढकलून दिला. राजीनामा तेव्हापासून पर्समध्येच होता. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं राहिली होती. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात ओढाताण झाली असती, पण झालं असतं. फक्त त्याला सांगायचं होतं.

आता थांबून चालणार नव्हतं. हाकलून देण्याआधी आपण उठून गेलेलं बरं. आज त्याला सांगायचं, उद्या लिहून दाखवण्याआधी कागद सुपरवायझरच्या हातात द्यायचा. घरी जाताना ती जवळजवळ पळतच होती.

दार उघडंच होतं. नवरा तिच्याआधी घरी आला होता आणि चक्क गुणगुणत चहा गाळत होता. अंगात ठेवणीतला तो नवा शर्ट होता, सकाळी ती निघाल्यावर घातलेला.

"अहो, मला काही सांगायचंय," ती पर्स मांडीवर घेऊन बसली. "आज नियम मोडणार आहे मी."

"थांब. आधी मी मोडतो." त्याने कप तिच्यापुढे ठेवला. "मी नोकरी सोडली."

तिने कप उचलला आणि तसाच परत खाली ठेवला.

"दुपारी खिडकी लावली, साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला आणि चालत घरी आलो. किती वर्षं गुदमरत होतो त्या खिडकीत! तुला कधी बोललो नाही. नियम होता ना."

"पण मग... आजच कसं काय?"

"आता तूच विचार!" तो हसला, पण डोळे भरून आले होते. "मी एका शब्दानेही न सांगता तू ओळखलंस. आणि तोंडाने बोलायचं नाही म्हणून केवढी युक्ती केलीस! सकाळी पेन ठेवायला खिशात हात घातला, आणि तुझी शपथ सांगतो, बळ आलं बघ."

त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली, जपून उलगडली आणि तिच्या कपाशेजारी ठेवली. चौकोनी, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'जिथे जीव रमत नाही तिथून आजच उठा. घरचं माणूस सांभाळून घेईल.'