चौथं मूल

शिळ्या पावाचा चुरा लोखंडी कढईत परतून परतून बेनिल्देचा खांदा भरून आला होता. उन्हाळ्यापासूनचं हे चौथं कुटुंब. चौथ्यांदा तोच लसूण, तेच सॉसेज, वरून द्राक्षं आणि चेहऱ्यावर तेच हसू.

"वा! काय वास सुटलाय!" चुलीपाशी आलेला पाहुणा, फर्मीन, म्हणाला.

सगळेच म्हणतात, असं तिच्या मनात आलं. तोंडानं मात्र ती म्हणाली, "बसा हो, गरम गरम खा."

बेनिल्दे व्हाल्दोराची सरपंच. तेरुएल प्रांताच्या डोंगरातलं हे गाव. घरं तीस, पण धूर निघतो अकरांतून. शाळेत मुलं तीन: दोन बारवाल्या दामियानची, एक मेंढपाळाचं. शिक्षण कचेरीचं पत्र येऊन पडलं होतं, नाताळपर्यंत पटावर चार मुलं नसली तर शाळेला कुलूप. आणि शाळा गेली की गाव गेलंच म्हणून समजा. बेनिल्देला एक मूल हवं होतं. फक्त एक. त्यासाठी ती शनिवार-रविवारी बाहेरची कुटुंबं बोलवायची, खाऊपिऊ घालायची आणि लग्नाच्या मुलीसारखं गाव दाखवायची.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! पहिल्या कुटुंबाला चर्चची घंटा सोसली नाही, दुसऱ्याला कोंबडा. तिसऱ्यांनी दोन दिवस कोकरू हाणलं आणि 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच.

हे कुटुंब मात्र वेगळं निघालं. फर्मीन, त्याची बायको कासिल्दा आणि सात वर्षांची नेरेआ. 'सोरिया प्रांताकडून आलो,' एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

जेवण झाल्यावर सगळे दामियानच्या बारमध्ये गेले. बार गावाच्या मालकीचा. दामियान तो चालवायचा आणि मागच्या भट्टीत गावाचा पावही भाजायचा. त्यानं डोळे मिचकावत फर्मीनच्या हातात पोर्रोन दिला. या लांब तोटीच्या काचेच्या भांड्यातून शहरी माणूस वाइन प्यायला लागला की त्याचा सदरा रंगलाच. तो रंगताना बघायला म्हातारे मुद्दाम पत्ते खाली ठेवायचे.

फर्मीननं हात लांब केला. वाइनची बारीक धार सरळ घशात गेली. सदऱ्यावर एक थेंब नाही.

"अरे बापरे!" दामियान ओरडला. "मावशी, हा तर आपल्यातलाच निघाला!"

"फोनला रेंज कुठे येते इथे?" फर्मीननं तोंड पुसत विचारलं. "कबरस्तानापाशी?"

"तुम्हाला कसं कळलं?" बेनिल्दे चकित झाली.

"नेहमी तिथेच येते हो. मेलेल्यांचीच चंगळ!"

म्हातारे खो खो हसले. मग त्यानं विचारलं, मासळीची गाडी कोणत्या वारी येते, बर्फ पडलं की रस्ता कोण साफ करतं, दामियानची भट्टी किती जुनी आहे. असले प्रश्न आजवर एकाही पाहुण्यानं विचारले नव्हते. किती दिवसांनी बेनिल्देच्या जिवात जीव आला.

रविवारी ती त्यांना टेकडीवरच्या छोट्या चर्चकडे घेऊन निघाली. गुडघे बोंब मारत होते, पण तिथून पिवळे पडलेले पॉप्लर आणि नदी दिसते. ते दाखवल्याशिवाय गाव पुरतं दाखवल्यासारखं तिला वाटायचं नाही. आईबाप मागे राहिले होते. नेरेआनं आपण होऊन तिचा हात धरला.

"शाळेत मैत्रिणी आहेत का गं?"

"नाही. माझ्या बाकावर कुणीच बसत नाही."

पोरीनं हे इतक्या सहज सांगितलं की बेनिल्देनं तिचा हात घट्ट धरला. मेली ती शहरं! "इथे ये तू, बाळा. दोन्ही बाजूंना बसतील."

"बाबा म्हणतात, होईल सोय," नेरेआ म्हणाली.

खाली आल्यावर बेनिल्देनं मास्तरांचं रिकामं घर उघडून दाखवलं. फर्मीननं दारातूनच डोकावून "छान आहे" म्हटलं आणि पुन्हा बारकडे वळला. कासिल्दा तर दुपारभर दामियानच्या बायकोशी, बेगोन्याशी, भट्टीपाशी गुलुगुलु बोलत बसली होती. बसू दे, बेनिल्देला वाटलं. ओळखी वाढल्या की पाय रुजतात.

निघताना तिनं गाडीत चीज ठेवलं, मधाची बरणी ठेवली. मग तिला राहवलं नाही.

"खरं सांगू? मी थकले हो आता. आणखी एका कुटुंबासाठी कढई ढवळायची ताकद नाही राहिली. जमेल का तुम्हाला?"

फर्मीननं मान वर केली नाही. "तुमच्यासारखा पाहुणचार मी कुठे पाहिला नाही, बेनिल्देबाई. खूप शिकलो. उद्या कळेलच तुम्हाला."

सोमवारी सकाळी तिनं शाळेत जाऊन कोपऱ्यातलं चौथं बाक ओढून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं. दहा वाजता तिथेच दामियान आला. अंगावर एप्रन नव्हता. त्यानं बारची किल्ली त्या ओल्या बाकावर ठेवली.

"मावशी, शिव्या घालायच्या तर घाला. महिनाअखेरीला आम्ही जातोय. घर मिळतंय, नवी भट्टी मिळतेय."

"जातोय? कुठे?"

"सोरियाकडे. एक गाव आहे, चाळीस माणसांचं."

"अरे गाढवा, आणि पोरं?" बेनिल्देचा आवाज चिरकला. "आत्ता कुठे चौथं मूल येतंय, आणि तू दोन घेऊन चाललास?"

दामियाननं किल्ली तिच्याकडे सरकवली.

"ते येत नाहीत, मावशी. फर्मीन तिथला सरपंच आहे. त्याच्या शाळेत सध्या एकच मूल उरलंय. नेरेआ."