मुकी आमेन

"प्रभू, यांचं मन मोकळं कर. तो रंधा अजून आत अडकलाय."

सुतार अंथरुणात डोळे मिटून पडला होता. बायकोचा आवाज अगदी शेजारून येत होता, आणि तो त्याला ऐकू येत होता. मागच्या वर्षी तापात त्याचे दोन्ही कान गेले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हापासून घरात पाटी-पेन्सिलीवर संसार चालला होता. पहाटे कसलंसं स्वप्न पडलं, काहीतरी खणकन पडल्याचं, आणि मग जाग आली ती या आवाजाने.

उठून ओरडावं असं त्याला वाटलं. पण तोंड उघडेना. रंधा हा शब्द वर्मी लागला होता.

लाकूड तासायचा तो रंधा वडिलांचा. ते गेल्यावर धाकट्या भावाने न विचारता नेला आणि सुताराने त्याच्याशी बोलणं टाकलं. एकाच गल्लीत राहून दोघे भाऊ समोरासमोर आले की रस्ता बदलत. कान बरे व्हावेत म्हणून हात जोडण्याआधी मनातला कचरा झाडा, असं पाळकांनी त्याला पाटीवर लिहून दिलं होतं. आता मन होतं तसंच मळकं, आणि कान मात्र उघडलेले. सुताराला लाज वाटली. आधी भावाकडे जाऊन येऊ, मग सांगू, असं त्याने ठरवलं.

एका गोष्टीचं त्याला नवल वाटलं. बायको जन्मभर मनातच प्रार्थना करणारी. चर्चमधल्या बायका तिला 'मुकी आमेन' म्हणत. तिची पाळी आली की नुसते ओठ हलत आणि शेवटचा आमेन तेवढा ऐकू येई. घरात नवराच बहिरा, मग लाजायचं कुणाला, असं म्हणून त्याने तो विचार सोडून दिला.

त्याच दिवशी तो भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. धाकटा बघतच राहिला. मग आत वळून आपल्या बायकोला म्हणाला, "दादा आलाय गं. रोज वाटायचं, आज येईल. आता आला, तर याला ऐकू येत नाही. माफी मागू तरी कशी?"

सुताराला शब्द न् शब्द ऐकू आला. तो लहान मुलासारखा रडला. धाकटाही रडला. निघताना धाकट्याने रंधा पुढे केला, तेव्हा सुताराने तो धाकट्याच्याच छातीशी दाबून धरला आणि घरी आला.

आता सांगायचंच, असं ठरवून तो झोपला. पण सकाळी बायको गुडघे टेकून म्हणाली, "प्रभू, भाऊ भावाला भेटला. किती आनंद झाला म्हणून सांगू! आता तेवढी यांची तंबाखू सुटू दे."

सांगणं लांबलं. तंबाखूची डबी भुशाच्या पोत्यात गेली.

मग प्रार्थनेत स्वयंपाकघराचं दार निघालं. "करकर करून डोकं उठवतं, प्रभू." दुपारपर्यंत बिजागरीला तेल लागलं. मग सासूबाईंचे गुडघे निघाले. सुताराने त्यांच्यासाठी भक्कम हातांची खुर्ची केली आणि स्वतः पोहोचवली. सासूबाईंनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "जावयांची तब्येत बरी आहे ना?"

बायको रोज नवं काहीतरी मागे. कानांविषयी मात्र चकार शब्द काढत नसे. आशाच सोडली बिचारीने, असं सुताराला वाटे. पण ती हल्ली भांडी घासताना गुणगुणायची, आणि ते ऐकून त्याचा धीर खचायचा. हे सगळं देवाने नाही, मीच चोरून ऐकून केलं, असं कळलं तर हिच्या विश्वासाचं काय होईल? आणि त्यानंतर ही माझ्याशी तरी पूर्वीसारखी वागेल का?

एके दिवशी तिने पाटी पुढे केली. 'रविवारी पाळक तुमच्यासाठी प्रार्थना करणार.'

सुताराने पाटी दोनदा वाचली. बरं झाल्याचं नाटक करावं, तर देवाच्या घरात खोटं. गप्प राहावं, तर सगळ्यांसमोर तिचा चेहरा उतरणार.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. तो पुढे गुडघ्यांवर बसला. पाळकांनी त्याच्या खांद्यांवर हात ठेवले. "प्रभू, या भावाचं मन मोकळं कर."

सुतार उठून उभा राहिला. "पाळकसाहेब, थांबा. मला ऐकू येतं. देवाने केव्हाच बरं केलंय, मीच लपवलं." मग तो बायकोकडे वळला. "तुझ्या प्रार्थना मी चोरून ऐकत होतो. ती डबी, ते दार, ती खुर्ची, सगळं तुझं ऐकून मीच केलं. तुझा विश्वास मोडला असेल तर मला माफ कर."

एवढं बोलल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की आता ती काही का म्हणेना, असं झालं.

बायको तोंडावर हात धरून हसत होती. डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"पाळकसाहेब, तुम्हाला एकट्याला सांगितलेली साक्ष आज सगळ्यांसमोर देते," ती म्हणाली. "कान प्रभूनेच उघडले. त्या पहाटे माझ्या हातून ताटली पडली. हे झोपेतच म्हणाले, 'काय पडलं गं?' आणि कूस बदलून घोरायला लागले."

सुतार तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग त्या रोजच्या प्रार्थना?"

"अहो," ती म्हणाली, "प्रभूशी मी अजूनही मनातल्या मनातच बोलते."