नजर न हटवता

"लेकीच्या हेल्मेटवर रंगीत पट्टी चिकटव गं. तोंडावरच्या जाळीमागे सगळी पोरं सारखीच दिसतात," विद्यापीठाच्या बर्फाच्या रिंकवर स्केट्सना धार लावणाऱ्या डार्लीनने मला बजावलं होतं.

"पोटात वाढवलंय मी तिला. नुसती उभी राहिली तरी ओळखीन!" मी म्हणाले.

माझ्या ब्रिनच्या आइस हॉकीचा पहिला दिवस. "बस हं, लेस बांधायला आलेच," असं तिला कपडे बदलायच्या खोलीत सांगून मी कॉफी आणायला गेले. परतले तर पोरं बर्फावर उतरलेली. त्यातली सगळ्यात बुटकी, माझी लेक, आईवाचूनही सरसर पळत होती! अर्धा तास मी नजर हटवली नाही. ती पडली की मी जागची उठायचे. रिंकभोवतीच्या काचेवर थापा मारून तिचं नाव ओरडले, व्हिडिओ काढून माझ्या आईला पाठवले. आईने उलट बदाम धाडले.

शेवटी तिने हेल्मेट काढलं. आत लाल केसांचा मुलगा.

"तुम्ही मला सारखं ब्रिन का म्हणताय?"

मी धावत खोलीत गेले. ब्रिन तशीच बाकावर, सुटी लेस हातात धरून बसलेली.

"आई, आता आपली पाळी?"



तुम्हीही कुठल्यातरी काचेमागे बसून हे वाचत असाल, तर जरा मान वर करा, आणि समोरचं मूल तुमचंच आहे ना, तेवढं बघून घ्या.