चालत्या खानावळीची खोड

सरस्वतीबाईंनी ताटात दुसरी भाकर टाकली तेव्हा वैजनाथ म्हणाला, "जेवण झकास हाय, मावशी. आता खोड सांगा."

लातूरच्या क्लासच्या गल्लीतली ही खानावळ विकायला निघाली होती. वैजनाथ आणि तनुजा, नवराबायको, देवणीकडून ती बघायला आले होते. रस्त्यात गेलेल्या रानाचा मोबदला बँकेत पडून होता. तसा पैसा शेतकऱ्याच्या घरात एकदाच येतो. वैजनाथनं जन्मभर बैल घेतले, विकले. दात बघावे, चालवून बघावं, औताला जुंपून बघावं आणि शेवटी मालकाला खोड विचारावी, एवढी विद्या त्याच्याकडं होती. पण खानावळीचे दात कुठं बघायचे? सकाळपासून तो नुसता कोपऱ्यात बसून होता. नाश्त्याला पोरं आली, जेवायला पोरं आली, दारात चपला मावेनात. एवढं चांगलं जनावर कोणी दावणीवरून का सोडील?

सरस्वतीबाईंना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. माहेर त्यांचं उदगीरकडचं, बैलबाजाराच्या मुलखातलं. स्टूल ओढून त्या बसल्या.

"सांगते की. लपवून कुठं ठेवू? मे महिन्यात परीक्षा झाली की पोरं गावी जातात. जुलैपर्यंत शेगड्या थंड."

"चालंल," तनुजा म्हणाली.

वैजनाथनं बायकोकडं पाहिलं. कोथिंबिरीची जुडी घेताना चारदा उलटीपालटी करणारी ही बाई.

"उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो. घरमालक दरसाल भाडं वाढवतो, अन् वर म्हणतो, मी हाय म्हणून एवढ्यात भागलं."

"ते तर सगळीकडंच हाय."

"समोर ती नवी इमारत दिसतीय ना? तिच्यात खाली मेस निघणार म्हणतात. अन् ही शरणम्मा." बाईंनी आत भाकरी थापणाऱ्या बाईकडं हनुवटी केली. "ही रुसली की निम्मी पोरं गेली म्हणून समजा. मला बी धाक हाय तिचा."

"धाक असता तर पगार वाढला असता," आतून आवाज आला.

"त्यांना मी सांभाळून घेईन," तनुजा म्हणाली.

वैजनाथचा घास हातातच राहिला. खोड ऐकली की गिऱ्हाईक मागं सरतं, निदान भाव तरी पाडतं. इथं विकणारी एकेक खोड काढून देत होती आणि त्याच्या घरची बाई ती पदरात घेत होती. बरं, एवढं ऐकूनही धंदा त्याला वाईट वाटेना. बाई एवढं खरं बोलते म्हणजे माल चोख असेल. की बारक्या खोडी सांगून मोठी पोटात ठेवली असेल? एकदा हे खरं वाटायचं, एकदा ते.

"हे समदं ठीक," तो म्हणाला. "पण विकताय का?"

"सांगते. आधी तुम्ही सांगा, दादा. बैल विकताना इचारता का न्हाई, कोणाच्या दावणीला चालला, कशासाठी चालला?"

"इचारतो की. इचारायलाच पाहिजे."

"मग सांगा. कशासाठी घेताय?"

"धंदा म्हणून," वैजनाथ म्हणाला. "आमच्या दोघांची जन्माची सोय."

"आरतीसाठी," तनुजा त्याच वेळी म्हणाली. "आमची लेक. पलीकडच्या गल्लीत क्लास हाय तिचा. हॉस्टेलचं जेवण जात न्हाई तिला, वाळून चालली पोरगी. दोन वर्षं माझ्या हातचं खाईल, डोळ्यांसमोर राहील."

"अन् दोन वर्षांनी?" वैजनाथनं विचारलं.

"तवा बघू."

एसटीत दोघं मांडीला मांडी लावून आले होते. वाटेत त्यानं तिला विचारलं होतं, जमंल ना? तिनं मान हलवली होती. कशाला हलवली होती, ते आता एका परक्या बाईसमोर कळत होतं.

सरस्वतीबाई हसल्या नाहीत.

"मी बी दोन वर्षांसाठीच आल्ते," त्या म्हणाल्या. "पोराच्या क्लाससाठी. त्याच्यासंगं त्याचा दोस्त जेवायला बसला. मग दोस्ताचा भाऊ. मग कोण कोण."

"किती वर्षं झाली?"

"मोजली न्हाईत. पोरं बदलत गेली."

"अन् तुमचा मुलगा?" तनुजानं विचारलं.

"डॉक्टर झाला. पुण्याला असतो. दिवसभर दवाखान्यात. घरी करायला कोण हाय? डबा लावलाय त्यानं, कोण्या बाईकडं." त्यांनी पदरानं स्टुलाची कड पुसली. "हे विकून तिकडंच जाते म्हणते. अजून त्याला इचारलं न्हाई."

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला होता. हात धुवायच्या नळाशी दोन पोरं कसल्याशा उत्तरावरून वाद घालत होती. वैजनाथला वाटलं, आता तनुजा उठेल, चला म्हणेल. तसं तिनं म्हणावं असं त्याला वाटत होतं, आणि म्हणू नये असंही. तो दारातल्या चपलांकडं बघत राहिला.

तनुजानं ताटातलं वरण बोटानं निपटून घेतलं. मग भिंतीवरच्या मांडणीकडं बघत ती म्हणाली,

"मावशी, तुम्ही भाव सांगितला तो भांडी धरून ना?"