वरचं कवच

अम्मीला चष्मा लावूनही बारीक अक्षरं दिसत नाहीत, पण साधा बिस्किटाचा पुडासुद्धा मागचं सगळं माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय ती फोडू देत नाही. तिच्या मोठ्या आजारावर डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या, तेव्हाही ती अडून बसली.

"वरचं कवच कशाचं आहे?"

"जिलेटिनचं. कुठल्या जनावराचं ते लिहिलेलं नाही."

"मग मला नाही चालत."

दुसरं औषध नव्हतं, आणि कवच उघडून नुसती पूड घ्यायला डॉक्टरांची मनाई होती. शेवटी मी मौलवीसाहेबांना फोन लावला. "जीव वाचवायला दुसरा इलाजच नसेल, तर खुशाल घ्या," ते म्हणाले. तेव्हापासून ती रोज निमूट कॅप्सूल गिळायची आणि वर मलाच टोमणा मारायची, "तुझ्या चहापेक्षा बरी लागते."

आज बाळाला कडेवर घेऊन मी कॅप्सूल पुढे केली, तर तिनं माझी मूठ हलकेच मिटली.

"आता ही मला चालत नाही."

"अम्मी, पुन्हा तेच? मौलवीसाहेबांनी सांगितलंय ना तुला?"

"जीव वाचवायला, म्हणाले होते ते." तिनं बाळाचं इवलंसं पाऊल हातात धरलं. "काल डॉक्टर तुला बाहेर नेऊन बोलले ना, तेव्हा दार नीट लागलं नव्हतं गं."