भिंतीवर लावायचा फोटो

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डजवळच्या आमच्या हर्लिंग क्लबचं पत्र येऊन महिना झाला, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. माझा नातू सलील ज्या अमेरिकन बेसबॉल संघातून खेळतो, त्या संघाने यंदा आपल्या विभागाचं विजेतेपद जिंकलं होतं. हर्लिंगच्या काठीने चेंडू फटकवायला तो लहानपणी आमच्याच मैदानावर शिकला, असं सेक्रेटरींनी लिहिलं होतं. क्लबच्या भिंतीवर लावायला त्यांना त्याचा क्लबच्या जर्सीतला, खेळतानाचा फोटो हवा होता.

"पाठवून द्या ना, बाबा," सून लता म्हणाली. "कौतुकच करतायत."

"प्रत्येक सामन्याला मी त्याला घेऊन जायचो. एकदा तरी मैदानात उतरवलं त्याला?"

"जुनं झालं ते. सलीलचं सगळं ग्रँड चाललंय आता."

माझंच चुकतंय का, असं वाटून मी दोन-तीन कागद फाडले. आज मात्र उत्तर पोस्टात टाकलं.

'महोदय, तो खेळतानाचा फोटो आमच्याकडे नाही. बाकावर बसलेला आहे, तो पाठवत आहे. जर्सी अगदी स्पष्ट दिसते. तिला कुठेही चिखल लागलेला नाही.'