दहा नंबरची ओ

नव्या कॉम्प्युटरला नेटवर्क कार्ड सापडत नव्हतं. यादीत त्याच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं. मुलीने पेनड्राइव्ह लावला, ड्रायव्हरची फाइल उघडली आणि स्पीकरवर ठेवलेल्या फोनकडे वाकून म्हणाली, "टाकतेय."

"टाक. आणि ताई, नुसतं 'पुढे, पुढे' दाबत सुटू नकोस. काय लिहिलंय ते वाच जरा."

"बाबांसारखा बोलू नकोस."

"कुणीतरी बोलायला हवं ना."

धाकटा भाऊ दुसऱ्या देशात होता. कॉम्प्युटर त्यानेच पाठवला होता. फोनवर मी आईला नखाएवढा दिसतो, निदान थोबाड तरी धड दिसू दे, असं त्याचं म्हणणं.

पट्टी भरत भरत शेवटाला पोचली. उद्गारचिन्ह गेलं. तिने केबल खोचली आणि कार्डाचा बारीक दिवा लुकलुकू लागला.

"आता नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे नंबर, हाताने भरायचा," भाऊ म्हणाला. "आपल्या घरात आपोआप काही मिळत नाही."

वडिलांनी राउटर तसाच लावला होता. त्यांनी ठरवून दिलेल्या नंबरांनाच तो बाहेर सोडी, बाकीच्यांना दारातच अडवी. त्याचा पासवर्ड त्यांनी कुणाला सांगितला नव्हता, आणि शेवटच्या दिवसांत तो विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"बाबांचा दहा नंबर मोकळाच पडलाय. तोच दे."

तिने शेवटच्या चौकटीत दहा लिहिलं. जरा थांबली, मग बटण दाबलं. पडद्यावर सूचना आली. तिने ती वाचून दाखवली. "हा पत्ता नेटवर्कवर आधीच वापरात आहे."

"शक्यच नाही. बाबांचं मशीन आईने भंगारात दिलं ना?"

"दिलं."

"मग कोण बसलंय दहावर? थांब. तात्पुरता अकरा दे. बाहेर जाता येणार नाही, पण घरातल्या घरात चालेल. आता दहाला पिंग कर."

"म्हणजे?"

"म्हणजे हाक मार. कुणी असेल तर ओ देईल."

पडद्यावर काळी खिडकी उघडून तिने तो सांगेल तसं लिहिलं. लगेच ओळी उमटल्या, एकीखाली एक. दहाकडून उत्तर. दहाकडून उत्तर. दहाकडून उत्तर.

भाऊ म्हणाला, "ताई, ते घरातच आहे."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

राउटरमधून दोन वायरी निघत होत्या. एक या टेबलावर येत होती. दुसरी भिंतीच्या कडेकडेने जाऊन आईच्या खोलीच्या दाराखालून आत शिरली होती. मुलगी फोन घेऊन वायरीच्या मागोमाग गेली. वायर कपाटाच्या फटीतून आत गेली होती. तिने कपाट उघडलं. ब्लँकेटांची चवड होती. तिने मधे हात घातला. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी ती ऊबदार होती. चवडीमागे वडिलांचा राखाडी डबा होता, आणि आतला पंखा घरघरत होता.

आई दारात येऊन उभी राहिली. हात ओले होते.

"भंगारवाल्याला दिलं म्हणालीस."

"त्याला जुनी इस्त्री दिली. तुम्ही दोघं सारखे मागे लागला होतात, काहीतरी द्यायला हवंच होतं."

"पण चालू कशाला ठेवलंस?"

"हेच म्हणायचे ना, म्हातारं झालंय, एकदा बंद केलं तर पुन्हा उठायचं नाही. दवाखान्यात जातानासुद्धा सांगून गेले, त्याला हात लावू नकोस." आईने ओले हात मागे घेतले. "मी नाही लावला."

"ताई?" फोनमधून भाऊ म्हणाला. "सापडलं का? आधी बंद कर ते. ब्लँकेटांत कोंडून ठेवलं तर एखाद्या दिवशी पेट घेईल. आणि दहा मोकळा झाला की पुढच्या मिनिटाला मी आईसमोर हजर."

बटण हाताच्या अंतरावर होतं. आई हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. व्हेंटिलेटर काढायला डॉक्टरांनी सही मागितली होती, तेव्हाही ती अशीच उभी होती. सही मुलीने केली होती.

मुलीने ब्लँकेटं एकेक करून पलंगावर काढून ठेवली. डब्याच्या जाळीवर साचलेली धूळ ओढणीच्या टोकाने पुसली. कपाटाची दारं सताड उघडी केली.

"आज नाही जमत रे," ती फोनमध्ये म्हणाली.

"नाही जमत म्हणजे? अगं, एक बटण तर—"

"माहीत आहे मला."

तिने फोन ठेवला.

बाहेर टेबलापाशी ती पसारा आवरू लागली, तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. काळी खिडकी तशीच उघडी होती. आईने चष्मा लावला आणि वाकून पाहिलं.

"हे काय लिहिलंय?"

"मघाशी ह्या मशीनने हाक मारली. आतल्याने ओ दिली."

"काय म्हणालं?"

"काही नाही. आहे, एवढंच."

"ह्यांचं तरी बोलणं कुठे जास्त असायचं," आई म्हणाली. तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली, बसली, आणि चष्मा नीट केला.

"परत मार हाक."